आहाराची वही आणि व्यायामाची वही एकच असू द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या महिला पुरवणीत गेल्या महिन्यात दोन लेख आले. पहिल्या रविवारी बायकांनी काय खावं याबद्दल, तिसऱ्या रविवारी रोज किती चालावं याबद्दल. दोन्ही लेख कात्रण काढून ठेवण्याइतके नीट होते. पण आहाराच्या लेखात व्यायामाच्या वाट्याला शेवटची एक ओळ आली होती, 'याबरोबरच नियमित व्यायामही करावा'. आणि चालण्याच्या लेखात आहाराची बोळवण 'अर्थात समतोल आहारही महत्त्वाचा' एवढ्यावर झाली होती. माझं भांडण या एका ओळीशी आहे. पत्र जरा लांबेल. कात्री तुमच्या हातात आहेच.

मी तीस वर्षं एका कार्यालयात हिशेब लिहिले. आता वय ५४. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा मी ४७ वर्षांची होते. दोन जिने चढले की दम लागत होता, कपडे अंगाला घट्ट होत होते आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कुणाशी बोलायचं त्राण उरत नव्हतं. आधी एका आहारतज्ज्ञाकडे गेले. पाच मिनिटांत वजन-उंची उरकली आणि हातात छापील कागद आला. कागदावर आधी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं, ते पांढऱ्या शाईने पुसून वर माझं लिहिलेलं. उजेडासमोर धरला की खालचं नाव सरळ वाचता येत होतं. आठ वाजता हे, अकरा वाजता ते, चार वाजता मूठभर अमुक. आठ वाजता मी बसमध्ये उभी असते हे त्या कागदाला कुठून ठाऊक असणार? अकरा दिवस पाळला. पुढे तो फ्रिजच्या दारावर दोन वर्षं लटकला आणि शेवटी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी सामानाची यादी केली.

मग व्यायामशाळा. वर्षाचे पैसे एकदम भरले आणि गेले १९ दिवस. हजेरीचं कार्ड अजून माझ्याकडे आहे, म्हणून आकडा पक्का. व्यायामाआधी खाऊ की नंतर, असं तिथल्या शिक्षकाला विचारलं, तर "मॅडम, खाण्याचं तुमचं तुम्ही बघा," म्हणाला आणि पुढच्याच वाक्यात पावडरचा डबा दाखवला. घरी आले की अशी भूक खवळायची की ओट्याशी उभ्या उभ्याच हाताला लागेल ते तोंडात. वर मनाची समजूत, आज घाम गाळलाय, चालतंय. साठ किलोची बाई अर्धा तास भरभर चालली तर साधारण १२० ते १३० कॅलरी खर्च होतात. क्रीमची तीन बिस्किटं तेवढी जमा दोन मिनिटांत परत करतात. पोटापाण्यासाठी हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे कळायला १९ दिवस लागले!

तिसरा प्रयत्न मी केला नाही, तो माझ्यावर येऊन पडला. कार्यालयातली एक मैत्रीण मला ओढून एका वर्गाला घेऊन गेली. आठवड्यातून दोन संध्याकाळी, बारा बायका, सहा महिने. एक व्यायाम शिकवणारी बाई आणि एक आहारतज्ज्ञ, दोघी एकाच खोलीत, एकाच वेळी. भिंतीकडेला टेबल टाकून आहारतज्ज्ञ बसायची, एकेकीला बोलावून बोलायची, बाकीच्या तोवर व्यायाम करायच्या. यात विशेष काय, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या वर्गात वीस मिनिटांनी माझ्या डोळ्यांपुढे काळोखी आली. भिंतीला टेकून खाली बसले. आजवर जिथे जिथे असं झालं तिथे तिथे "पाणी प्या, सवय होईल" एवढंच ऐकलं होतं. या बाईंनी मात्र तिथूनच टेबलाकडे हाक मारली. आहारतज्ज्ञ उठून आली, माझ्याशेजारी जमिनीवरच बसली.

"ताई, सकाळपासून पोटात काय काय गेलं?"

"सकाळी चहा. दुपारी डबा."

"डबा पूर्ण?"

"अर्धा. काम होतं."

"मग?"

"चारला चहा."

"नुसता?"

मी गप्प. मग म्हटलं, बिस्किटं.

"किती?"

"मोजली नाहीत."

तेवीस वर्षं पैन्पैचा ताळा जुळवत आलेली मी, 'मोजली नाहीत' म्हणाले. ती हसली नाही, हे मला अजून आठवतं. तिने पुढचे दोन प्रश्न विचारले, जे आधी मला कुणीच विचारले नव्हते. झोप किती? आणि पाळीत रक्तस्राव किती जातो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तिने त्या दिवशी मला व्यायाम करू दिला नाही. आधी डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा, म्हणाली.

हिमोग्लोबिन निघालं ९.८. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. त्याच संघटनेचा अंदाज आहे की जगातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जवळपास ३० टक्के बायका यात मोडतात. म्हणजे आमच्या बारा जणींच्या वर्गात तिघी-चौघी निघायला हरकत नव्हती, आणि निघाल्याही तिघीच. डॉक्टरांनी रक्तस्रावावर उपचार केले, लोहाच्या गोळ्या दिल्या. तिकडे व्यायामाच्या बाईंनी माझ्या उड्या बंद केल्या, खुर्चीवर बसून आणि भिंतीला हात लावून करायचे प्रकार दिले. चार आठवड्यांनी आहारतज्ज्ञाने सहज विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? चहाबरोबर, म्हटलं. तिने कपाळाला हात लावला. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही, क जीवनसत्त्व असलेल्या आंबट फळाने उलट मदत होते, हे मला तेव्हा कळलं. चहा आणि गोळी यांच्यात, चहा आणि जेवण यांच्यातही, तासाभराचं अंतर ठेवायला लागले. सहा महिन्यांनी १२.१.

आता सांगा, या दोघी दोन वेगळ्या इमारतींत बसत असत्या तर? व्यायाम शिकवणारीने मला 'स्टॅमिना नाही' असा शेरा दिला असता. आहार सांगणारीला माझी चक्कर कधी दिसलीच नसती, कारण तिच्यासमोर मी नेहमी खुर्चीवर बसलेली असते. व्यायामशाळेत पहिल्या खेपेला मी १९ दिवसांत गळाले, ते आळशी होते म्हणून असं मी पुढे कितीतरी दिवस समजत होते. तेव्हाही माझं रक्त कमीच असणार. पण तिथे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता वहीबद्दल. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक वहीनेच पडला.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला एक साधी वही दिली होती. डाव्या पानावर चार रकाने: वेळ, बसून की उभ्याने, काय खाल्लं, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. उजव्या पानावर व्यायाम आणि झोप. कॅलरीचा रकाना नव्हता. मी सवयीने पट्टी घेऊन पाचवा रकाना आखायला लागले तर आहारतज्ज्ञाने पट्टी काढून घेतली. "तुमचा हिशेब कॅलरीत चुकत नाहीये, वेळेत चुकतोय," म्हणाली. मला राग आला होता. आकड्यांशिवाय हिशेब म्हणजे काय?

तीन आठवड्यांनी तिने मला माझीच वही आडवी वाचायला लावली. म्हणजे डावं आणि उजवं पान एकत्र, ओळीने, जशी आम्ही कीर्द आणि खतावणी समोरासमोर ठेवून वाचतो तशी. आणि खरंच, सगळं तिथेच होतं. ज्या दुपारी डबा अर्धा परत आला, त्या प्रत्येक दुपारी साडेचारला टेबलाचा खालचा खण उघडला गेला होता. ज्या सकाळी काही न खाता व्यायाम केला, त्या रात्री हात थांबला नव्हता. ज्या रात्री झोप पाच तासांच्या आत, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोड. आणि रात्री साडेदहाची एक नोंद पुन्हा पुन्हा: 'उभ्याने. उरलेलं. त्याआधी, ओटा आवरत होते.' मोजलं तर तीन आठवड्यांत १७ वेळा.

"हे जेवण आहे का?" तिने विचारलं.

"नाही. पण टाकवत नाही."

"मग ते भांडी घासण्याच्या कामात धरा. जेवणात नका धरू. आणि उद्यापासून उरलेलं डब्यात घालून झाकण लावा, मग ओटा पुसा."

एवढंच. फार काही नव्हतं त्यात. पण मी आजवर वाचलेल्या कुठल्याच आहाराच्या लेखात रात्री साडेदहाचा ओटा नव्हता. घरात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवणारी, मुलांच्या ताटातलं संपवणारी, स्वतःसाठी वेगळं वाढून न घेणारी बाई ही आहारशास्त्राच्या कुठल्या प्रकरणात बसते मला माहीत नाही, पण ती बहुतेक सगळ्या घरांत आहे.

साडेचारच्या खणावर मात्र उपाय दुसरीकडून आला, व्यायामाच्या बाईंकडून. म्हणाल्या, हात खणाकडे गेला की उठायचं आणि पंधरा मिनिटं भरभर चालून यायचं, जिन्यात, आवारात, कुठेही. परतल्यावर हवं असेल तर खुशाल खा. मी म्हटलं, परत आल्यावर दुप्पट खाईन. त्यांनी इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातला एक प्रयोग सांगितला. चॉकलेटची सवय असलेल्या लोकांना कामाच्या टेबलावर चॉकलेट ठेवून बसवलं. जे आधी पंधरा मिनिटं भरभर चालून आले होते, त्यांनी नुसतं बसून राहिलेल्यांच्या जवळपास निम्मंच खाल्लं. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं आहे. मला पटलं नव्हतं, म्हणून करून पाहिलं. पहिले दोन दिवस परत येऊन खाल्लंच. तिसऱ्या दिवशी जिन्यात कुणीतरी भेटलं, बोलत राहिले, विसरले. वहीत त्या दिवशी 'खण: नाही' अशी नोंद आहे, दोनदा अधोरेखित.

इथे कुणी म्हणेल, एका बाईच्या वहीवरून काय ठरतं? रास्त आहे. मलाही एका पावतीवरून ताळेबंद मांडता येत नाही. म्हणून मुलीच्या मदतीने थोडं शोधलं. अमेरिकेत सिएटलला ५० ते ७५ वयाच्या, पाळी गेलेल्या ४३९ बायकांवर वर्षभर एक प्रयोग झाला, तोही २०१२ सालीच प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त आहाराचं समुपदेशन, एका गटाला फक्त व्यायाम, एका गटाला दोन्ही, एका गटाला काहीच नाही. वर्षअखेरीस फक्त व्यायामवाल्यांचं वजन २.४ टक्के उतरलं, फक्त आहारवाल्यांचं ८.५ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं १०.८ टक्के. त्यातल्याच आहाराच्या गटांतल्या १२३ जणींचा वेगळा अभ्यास झाला, तेव्हा नेमाने वही लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे पावणेतीन किलो जास्त उतरलेलं दिसलं. आणि जेवण चुकवणाऱ्यांचं? त्यांचं उलट कमी उतरलं, साडेतीन किलोंच्या आसपास फरक. हे वाचून मी त्या अर्ध्या डब्याची आठवण काढून चांगलीच हसले.

आकडे बघून आहारवाले लगेच म्हणतील, बघा, व्यायामाने जेमतेम दोन-सव्वादोन टक्क्यांची भर पडली, मग दोघींचा खर्च कशाला? माझं उत्तर असं की हा ताळेबंद वजनकाट्यावर मांडला आहे म्हणून तसा दिसतो. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून बाकीच्या ऐवजाचा असतो, त्यात स्नायू आले. पाळी जाण्याच्या वयात हाडं आधीच झपाट्याने विरळ होत असतात. काटा या सगळ्याला 'घट' म्हणून एकाच रकान्यात टाकतो. मी असा हिशेब लिहिला असता तर लेखापरीक्षकाने वही तोंडावर फेकली असती.

उलट बाजूचंही लिहिते, नाहीतर आपल्याला सोयीचे तेवढे आकडे दिले असं होईल. चीनमध्ये दा-चिंग इथे १९८६ पासून सहा वर्षं चाललेला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्री-पुरुषांवर. तिथेही फक्त आहार, फक्त व्यायाम आणि दोन्ही असे गट होते. तिन्ही गटांत मधुमेहाचं प्रमाण कमी झालं, पण दोन्ही करणाऱ्यांचं इतरांपेक्षा जास्त कमी झालं असं मात्र नाही. म्हणजे एक अधिक एक बरोबर दोन, असं शरीर मानत नाही. अमेरिकेत ३,२३४ जणांवरचा मोठा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात आहार, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सतत पाठपुरावा एकत्र होता, आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. माझा अंदाज, आणि हा फक्त अंदाज, की तिथे कामी आलं ते कुणीतरी सारखं विचारत राहणं. मला तरी कळलेलं एवढंच: व्यायामामुळे भुकेला वेळ आणि कारण मिळालं, आणि नीट खाल्ल्यामुळे व्यायाम १९ व्या दिवसाच्या पुढे गेला. एकाचा आधार काढला की दुसरं कोसळतं, हे माझ्या वहीत तारखेनिशी आहे.

वर्गातल्या दोघींचं सांगते, नावं अर्थातच नाहीत.

एक मावशी होत्या, वय ६८. त्यांना खुर्चीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागत. गुडघे गेले, एवढंच त्यांचं म्हणणं. व्यायामाच्या बाईंनी पाहिलं की गुडघ्यांपेक्षा मांड्या अशक्त आहेत. टेबलापाशी निघालं ते असं की मावशी दिवसाकाठी डाळ, दही, दूध, अंडी यांतलं काही म्हणावं असं खातच नव्हत्या. दात दुखतात म्हणून मऊ, पातळ, पिठूळ तेवढंच. प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला निदान ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोला पन्नासच्या जवळपास. मावशींचे वीस-पंचवीस होत असतील. मूत्रपिंडाचा त्रास नाही ना याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आणि तिन्ही वेळा थोडं थोडं वाढवलं, दातांना झेपेल असं. बरोबरीने खुर्चीवरून उठ-बस, आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून पाच वेळा, मग उशी काढून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही सांगितलेले आहेत, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सावरण्याचे. चालण्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, ताकदीचा कुणालाच नसतो. तुमच्या लेखातही नव्हता. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी मावशी बोलता बोलता, हातात चष्मा आणि वही दोन्ही असताना, उठून उभ्या राहिल्या आणि चालायला लागल्या. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. आम्हीच ओरडलो.

दुसरी कॉलेजातली मुलगी, वीस वर्षांची, आमच्यात सगळ्यात बारीक. ती इथे का येते असं आम्ही आपसात म्हणायचो. एकही वर्ग चुकवायची नाही, शिवाय सकाळी धावायची. तिची वही सगळ्यात नेटकी होती. डावी पानं जवळजवळ कोरी, उजवी भरगच्च. व्यायामशाळेत तिला शाबासकी मिळाली असती आणि आहाराच्या कागदावर 'उत्तम नियंत्रण'. दोन्ही पानं एकत्र पाहणारी कुणीतरी होती म्हणून तिला बाजूला घेऊन विचारलं गेलं, आणि कळलं की तिची पाळी तीन महिन्यांपासून आलेली नाही. व्यायाम जास्त आणि खाणं कमी अशी उर्जेची तूट राहिली की शरीर पाळी थांबवतं, हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूंसाठी यावर खास निवेदन काढलं होतं. ती खेळाडू नव्हती, तिला फक्त कुणीतरी 'जाड' म्हटलं होतं. तिला डॉक्टरांकडे पाठवलं, धावणं बंद केलं, आणि आम्हा सगळ्यांना ताकीद मिळाली की वर्गात कुणाच्याही वजनावर बोलायचं नाही, कौतुकाचंसुद्धा नाही. ही शेवटची गोष्ट पाळायला सगळ्यात अवघड गेली.

सगळं गोडगोड झालं असं नाही. बारा जणींपैकी चौघी गळाल्या. एकीला तान्ह्या मुलाला ठेवायला जागा नव्हती, एकीला घरातल्या आजारपणात वेळच उरला नाही, एकीला वही लिहिणं म्हणजे शिक्षा वाटली. चौथी का गेली ते कळलं नाही. मीही दुसऱ्या वर्षी वर्षअखेरीच्या हिशेबांत पार बुडाले. वहीत २३ पानं कोरी आहेत. परत गेले तेव्हा लाजेने वही दाखवेना. आहारतज्ज्ञ म्हणाली, "कोऱ्या पानांवर नुसत्या तारखा टाका आणि आजपासून पुढे लिहा." मी तारखा टाकल्या. टाकताना लक्षात आलं, त्या २३ दिवसांत व्यायाम पहिल्या आठवड्यातच सुटला होता, आणि खाणं त्याच्या मागोमाग. आधी काय सुटतं हे प्रत्येकीचं वेगळं असेल. माझं ते आहे.

म्हणून माझ्या मागण्या. आरोग्याचं काम करणाऱ्यांना एवढंच सांगणं की आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षक यांना आठवड्यातून एकदा तरी एका खोलीत बसवा, बारा-पंधरा जणींचा गट करा म्हणजे दोघींचा खर्च वाटला जाईल, वेळ नोकरी करणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या दोघींना जमेल अशी ठेवा, आणि शेजारच्या खोलीत लहान मुलांना सांभाळायला कुणीतरी असू द्या. आमच्यात गळालेल्या चौघींपैकी एक तरी त्यामुळे टिकली असती.

आणि तुमच्याकडे मागणी अशी. आहाराचं सदर एका रविवारी आणि व्यायामाचं दुसऱ्या रविवारी, हे बंद करा. दोन लेखकांना एकच पान द्या आणि ते पान एकत्र लिहायला लावा. एखाद्या खऱ्या बाईचा एक दिवस घ्या, सकाळी उठल्यापासून ओटा पुसेपर्यंतचा, आणि त्यात दोघांनी आपापली पेन्सिल चालवावी. 'इतक्या दिवसांत इतके किलो' असले मथळे तर कृपा करून नकोतच. त्या वीस वर्षांच्या मुलीच्या वहीत अशाच एका मथळ्याचं कात्रण चिकटवलेलं होतं. कुठल्या वर्तमानपत्राचं ते मी पाहिलं नाही, पाहायचंही नव्हतं.

आपली,
एक जुनी वाचक, निवृत्त हिशेबनीस

ता. क. पत्र छापलंत तर सोबत कमरेला टेप गुंडाळलेल्या आणि सफरचंदाकडे बघून हसणाऱ्या बाईचं चित्र टाकू नका. चित्र हवंच असेल तर माझ्या वहीचं एक पान पाठवते. शाई जरा पसरली आहे, चहा सांडला होता.